नाव घेतलं म्हणून

कोपरी, ठाणे
१५ मे १९९०

शेवंतीस,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो, तो मी लिहीत नाय. तुझ्या बापाची बहीण आहे, म्हणून शापही लिहीत नाय.

कोपरी ते कल्याण कितीसं लांब. पण तुझ्याशी तोंडानं बोलणार नाय असं मी भरल्या मांडवात बोलले, आणि गोदूबाई एकदा बोलली ते बोलली. म्हणून हे कार्ड. मुद्दाम उघडं घेतलंय. पोस्टमनला वाचू दे, तुझ्या शेजारणींना वाचू दे.

माझ्या नातीचं लग्न होतं. माझ्या गुणाजीच्या तुळसाचं. घरच्या लग्नात घरच्या बाईनं धवले गायचे नाय ही आपली रीत, नायतर मी ते लग्न तुझ्या हातात दिलंच नसतं. धवलारीण म्हणजे काय गाणारी बाई नव्हे. आपल्यात लग्न लावते ती धवलारीण. माझ्या सासूनं मला शिकवलं, मी तुला शिकवलं. सुकट निवडता निवडता एकेक धवला तुझ्याकडून घोटून घेतला, चुकलीस तिथं चिमटा काढला. माझी तांदळाची परडी तुझ्या हातात दिली. आणि तू काय केलंस?

पितरांचं बोलावणं चाललेलं. माझ्या सासऱ्यांचं नाव झालं, सासूचं झालं, माझ्या नवऱ्याचं झालं. मी डोळे मिटून ऐकत होते. मनात बोलले, पोरीचा गळा लागलाय. आणि पुढं तू गुणाजीचं नाव घेतलंस. माझ्या लेकाचं. मेलेल्यांच्या रांगेत.

कोणी सांगितलं तुला तो मेला? बोट बुडाली, बाकीचे खलाशी सापडले, तो सापडला नाय. सापडला नाय म्हणजे मेला नाय. त्याची बायको सगुणा अजून कुंकू लावते. तुला पहिल्या दिवशी शिकवलेलं, मेलेला बोलावल्याशिवाय येत नाय, आणि जिवंताला मेलेल्यांत बोलावलं तर त्याचं आयुष्य तुटतं. हे विसरलीस की मुद्दाम केलंस?

मी तुला सगळ्यांपुढं चेटकीण बोलले. तेच इथं लिहिते, म्हणजे कोणाला वाटायला नको की रागाच्या भरात तोंडातून गेलं. परडी काढून घेतली ती घेतली. आपल्या सगळ्या वाड्यांत निरोप दिलाय, शेवंतीला लग्नाला बोलवू नका.

कार्ड भरलं म्हणून हे कडेनं लिहिलंय. फिरवून वाच.

तुझी आत्या होते ती,
गोदूबाई


कल्याण
२२ मे १९९०

ती. आत्यास,

तू आशीर्वाद लिहिला नाहीस. मी नमस्कार लिहिते, कारण मला माझ्या आईनं वळण लावलंय.

तुझं कार्ड शेजारच्या रखमाबाईच्या हातात पडलं. तिनं वाचलं, सुनेला वाचून दाखवलं आणि मग मला आणून दिलं. वर विचारते कशी, शेवंती, बरी आहेस ना गं? तुझं काम झालं. मी हे बंद पाकिटातून पाठवतेय. माझ्या रागाला बघे लागत नाहीत.

मी काही विसरलेले नाही. तुझे चिमटे दंडावर असताना विसरणार कशी? आता तू काय शिकवलेलंस ते तूच आठव. धवलारणीनं नाव आपल्या मनातून घालायचं नाही आणि आपल्या मनातून गाळायचंही नाही. नवरीच्या घरात विचारायचं, मिळेल तसं घ्यायचं. मी विचारलं. मिळालं तसं घेतलं. कोणी दिलं ते सांगणार नाही, मी शब्द दिलाय. आणि तू तरी कुठं विचारलंस? सरळ उठलीस आणि परडी हिसकावलीस.

तांदूळ मांडवभर सांडले. तुळसा अंगाला हळद लावून त्या तांदळात बसून रडत होती. तिचं लग्न होतं गं. बोलावणं अर्ध्यात टाकायचं नाही, हेही तूच शिकवलेलंस, म्हणून मी रिकाम्या हातानं उभी राहून शेवटपर्यंत गायले. लोक उठून चाललेले, तू बोंबलत होतीस, आणि मी गात होते. शाबासकी नको. पण चेटकीण?

गुणाजी तुझा मुलगा, मान्य. माझाही तो भाऊ होता. मला सख्खा भाऊ नाही, माझ्या लग्नात माझ्या पाठीशी तोच उभा राहिलेला. त्याचं नाव तोंडातून काढताना मला काही झालं नसेल असं तुला वाटलं? तू फक्त स्वतःला काय झालं ते बघितलंस.

परडी तुझी आहे, ठेव. गळा माझा आहे.

शेवंती


कोपरी, ठाणे
२ जून १९९०

शेवंतीस,

चोराच्या उलट्या बोंबा. नवरीच्या घरात विचारलं म्हणतेस. त्या घरात मोठी मी. नावं द्यायची तर मी देणार, दुसरं कोण देणार? मला तर कोणी विचारलं नाय.

तुझ्या नवऱ्यानं दिलं असेल. धाकू गणपतीत घरी आला की दरवेळी बोलायचा, आत्या, आता किती वाट बघणार. रेल्वेत नोकरी लागली म्हणून शहाणपण पण लागलं काय? मी वाट बघते ती माझ्या पायावर उभी राहून बघते, त्याच्या खांद्यावर बसून नाय. आमचं दार मी अजून कडी न लावता ठेवते. चोर आला तर येऊ दे, आमच्याकडे काय नेणार, जाळी?

आता सगुणाचं ऐक, म्हणजे तुला कळेल तू काय करून ठेवलंस. तिला जबर धक्का बसलाय. त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाय. इतकी वर्षं जरा खुट्ट झालं की उठून बसायची, दारापर्यंत जाऊन यायची. आता आडवी झाली की सकाळपर्यंत हलत नाय. घोरते पण. एवढी चांगली पोर, तुझ्यापायी अशी झाली.

खाडीत कंपन्यांनी घाण सोडली नसती तर मासा मेला नसता, आणि माझा पोर परक्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला नसता. त्या कंपनीवाल्यांचं मी काही करू शकले नाय. बोटीच्या मालकाचं करू शकले नाय. तुझं करू शकते, ते केलं.

पुन्हा लिहू नकोस.

गोदूबाई


कल्याण
१८ नोव्हेंबर १९९०

ती. आत्यास,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून पावसाळा, गणपती, दिवाळी गप्प बसले. आता लिहितेय ते माझ्यासाठी नाही.

तुळशीची लग्नं लागली, आपल्याकडची सुरू झाली. मला एकीचंही बोलावणं नाही. ज्या घरांत तू आणि मी मांडीला मांडी लावून गायलो, तिथल्या बाया बाजारात मला बघून टोपली फिरवतात. ते मी सोसलं. मासळी विकून पोट भरतं, धवल्यांनी काही चूल पेटत नव्हती.

पण आमच्या मालूचं जमलेलं. डोंबिवलीत, मोठागावात. मुलगा चांगला आहे, अंबरनाथला कारखान्यात आहे. मालूला पसंत आहे, म्हणजे तिनं तोंडानं सांगितलं नाही, पण तो येऊन गेला त्या दिवशी तिनं घरातली सगळी भांडी न सांगता घासली. साखरपुड्याचा दिवस ठरत होता, आणि मुलाच्या आईनं, मीराबाईनं, मध्यस्थाकडून निरोप पाठवला. मुलीची आई नाव घेऊन माणूस मारते असं ऐकलंय, खुद्द तिच्या गुरूनंच तिला चेटकीण म्हटलंय, तेव्हा आम्ही जरा विचार करतो.

जरा विचार करतो म्हणजे काय ते तुलाही कळतं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. तू मांडवात एक शब्द टाकलास, मग कार्डावर लिहून पुन्हा टाकलास, आणि तो शब्द ठाण्याहून चालत चालत माझ्या पोरीच्या दारात येऊन बसला. मालू मला काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मला माफ करू नकोस. परडी देऊ नकोस. मेले तरी माझं तोंड बघू नकोस. पण तो शब्द परत घे. जिथं टाकलास तिथून उचल. तुझा शब्द तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला उचलता येणार नाही, म्हणून तुझ्या पाया पडतेय. राग आलेला असताना पाया पडावं लागतं, याचा मला आणखी राग येतोय.

शेवंती


कोपरी, ठाणे
२७ नोव्हेंबर १९९०

शेवंतीस,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी मोठागावला गेले. अंगावरच्या लुगड्यावर गेले, बदललं पण नाय.

ही मीराबाई कोण ते तुला ठाऊक आहे काय? हिचं स्वतःचं लग्न मी लावलेलं. हळदीला थंडी वाजते म्हणून रडत बसलेली, तेव्हा माझी शाल दिलेली, ती अजून परत आली नाय. ती निरोप देणार, शेवंती चेटकीण म्हणून? मी तिच्या ओट्यावर उभी राहून बोलले, गो मीरे, शेवंती माझी शिष्या आहे. मी तिला शिकवलं, मी तिला चिमटे काढले, मी तिला काय पाहिजे ते बोलेन. चेटकीण बोलेन, हडळ बोलेन. तो माझा हक्क आहे. तू कोण? तू तिला एक ओळ तरी शिकवलीस काय?

आजूबाजूच्या बाया बाहेर आल्या. येऊ दे बोलले. सगळ्यांनी ऐका. माझ्या शिष्येला माझ्याशिवाय कोणी नाव ठेवायचं नाय.

मीराबाई काय घाबरली नाय. मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि शांतपणे बोलली, गोदूबाई, तुम्ही मोठ्या, तुम्ही सांगाल ते मी ऐकेन. फक्त एक सांगा. तुमचा गुणाजी आहे की नाय? असला, तर शेवंतीनं जिवंत माणसाला मेलेल्यांत बोलावलं, आणि असल्या बाईची पोर मी घरात आणणार नाय. नसला, तर तिचं काही चुकलं नाय, लग्न उद्या लावू. तुम्ही बोलाल तसं.

मी उठले आणि निघून आले. तिनं चहा ठेवलेला, तो पण घेतला नाय.

तिची जीभ झडो. असं कोणी आईला विचारतं काय? डोंबिवलीवरून येताना मी सगळ्या रस्ताभर तिला शिव्या देत होते. शेजारी बसलेली बाई उठून दुसरीकडे गेली.

तू मला शब्द परत घ्यायला सांगतेस. तो शब्द परत घ्यायचा म्हणजे काय द्यावं लागतं ते आता कळलं काय तुला? तुला पोर आहे, तसा मला पण एक पोर आहे. दुसरं काही पण माग.

गोदूबाई


कल्याण
३ डिसेंबर १९९०

ती. आत्यास,

माझ्यासाठी भांडायला गेलीस ते ऐकून मी रडले, आणि मग पुढचं वाचून पत्र भिंतीवर मारलं. पत्राला काही लागत नाही, नुसतं खाली पडतं.

माझ्या मालूसाठी तू तुझा मुलगा मेला म्हण, असं मी कधीही मागणार नाही. मोडलं लग्न तर मोडू दे. मालू रडेल, मग उठेल, आपल्याकडच्या बाया उठतात. मीराबाईला तसा निरोपही देऊन टाकते. तुला काही उचलायला नको.

पण एक बोलल्याशिवाय राहणार नाही. गुरूची विद्या गुरूला परत करतेय असं समज.

बोलावणं शिकवलंस तेव्हा मी लहान तोंडी विचारलेलं, आत्या, बोलावलं नाही तर काय होतं? तू हातातली सुकट खाली ठेवलेलीस. म्हणालेलीस, मेलेला माणूस लाजरा असतो. घरात लग्न लागलं की तो येतो, पण मांडवाच्या बाहेर उभा राहतो. वाजंत्री ऐकतो, जेवणाचा वास घेतो, आपली माणसं बघतो. आत पाऊल टाकत नाही. आपल्या माणसानं नाव घेऊन बोलावलं तरच आत येतो आणि जेवतो. नाहीतर तसाच उपाशी परत जातो.

मी तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते, तुला आठवत असेल. तूच भरवलेलंस.

आता सांग. तुळसाच्या लग्नात मी नाव घेईपर्यंत गुणाजी कुठं उभा होता? आणि त्याच्या बापाच्या वर्षश्राद्धाला? तुझ्या घरात तो गेल्यापासून जेवढी कार्यं झाली तेवढ्या वेळा तो दारापर्यंत आला असेल, आणि त्याची आई धवलारीण असून, साऱ्या कोळीवाड्याचे मेलेले नावानं बोलावून जेवू घालत असून, स्वतःच्या पोराला तिनं बाहेर उभं केलं. दाराला कडी नाही म्हणतेस. कडी काढून काय उपयोग? हाक कुठं मारलीस?

हे लिहायला नको होतं. खोडत नाही.

शेवंती


कोपरी, ठाणे
२० डिसेंबर १९९०

चि. शेवंतीस आशीर्वाद.

आज कार्ड घेतलं नाय. बंद पत्र आहे. हे पोस्टमननं वाचायचं नाय.

तुझं शेवटचं पत्र मी वाचलं आणि चुलीत घातलं. नंतर आठ दिवस मी सकाळ-संध्याकाळ तुला शिव्या देत होते. काम करताना, जेवताना, नळावर. परवा सगुणा अंगणात बोंबील साफ करत बसलेली आणि मी तिच्यासमोर चालू केलं, की शेवंतीनं तुझ्या कपाळाचं कुंकू काढायला घेतलं. ती मान वर न करता बोलली, आये, शेवंतीला बोलू नका. नाव मी दिलं.

मी बोलले, तू कोण नाव देणारी?

ती बोलली, नवरीची आई.

बरोबर आहे. नवरीच्या आईला विचारायचं, ती रीत मीच तुला घोटून दिली. घरातली मोठी कोण हे कोणी विचारत नाय. एवढी वर्षं बाकीच्यांच्या घरात नवरीच्या आयांना विचारत फिरले आणि माझ्या घरात नवरीची आई कोण ते मला दिसलं नाय.

मग ती सुरी बाजूला ठेवून बोलली, आये, तो जिवंत असेल आणि पोरीच्या लग्नाला आला नसेल, तर तसला नवरा मला नको. मेला असेल तर त्याला पोरीचं लग्न बघू दे. दोन्हीतलं एक मला पाहिजे होतं. तुम्ही मला एक पण दिलं नाय.

मी तिच्यावर हात उचलला. ती हलली नाय. मग मी हात खाली घेतला आणि तिच्यापुढचे बोंबील ओढून घेऊन साफ करायला लागले. खूप बोंबील नासवले. ती शेजारी बसून राहिली, एकदा पण नको बोलली नाय.

मला तुझा राग आहे. तुझ्या पत्राचा आहे, सगुणाचा आहे, ती माझ्या घरात झोपून घोरत होती आणि मी तिला धक्का बसला समजत होते त्याचा आहे. त्या मीराबाईचा तर आहेच. एवढा राग या वयात कुठं ठेवायचा ते कळत नाय.

काल आम्ही दोघी मोठागावला गेलो. मीराबाईनं पुन्हा तेच विचारलं. सगुणा तोंड उघडणार होती, मी तिला गप्प बसवलं. बायको ती असली तरी आई मी आहे. मी बोलले, गुणाजी गेला. बोट बुडाली त्याच दिवशी गेला. शेवंतीनं नाव घेतलं ते बरोबर घेतलं. चेटकीण हा शब्द माझा होता, मी तो घेऊन चालले, पुन्हा तुझ्या वाड्यात कोणाच्या तोंडात ऐकला तर मी इथंच राहायला येईन. या वेळी चहा प्यायले. साखर जास्त होती. निघताना तिनं शाल परत दिली, तिला भोकं पडलीत.

साखरपुड्याचा निरोप तुला येईल. माघात लग्न धरा.

लग्न तुझ्या घरचं, म्हणजे तू गायचं नाय. मी येते. बाकीच्या वाड्यांत नवा निरोप दिलाय, तू मोकळी आहेस. परडी घेऊन येते, तांदूळ तू नवे घाल. लग्न झाल्यावर परडी तुझ्याकडे ठेवायची की नाय ते तुझं वागणं बघून ठरवीन.

बोलावण्याची नावं मला आधी कळवू नकोस. मांडवात सगळ्यांपुढं मी तुला विचारणार, कारण नवरीची आई तू. धाकूच्या घरची झाली, तुझ्या आईबापाची झाली, की मी विचारेन, मालूच्या मामाचं नाव काय? तेव्हा मोठ्यानं सांग. पुटपुटू नकोस, आणि रडत सांगू नकोस. तू सांगितलंस तर मला घेता येईल. माझं मला येणार नाय.

आणि एक आधीच सांगून ठेवते. त्याला बोलावलं की पहिल्यांदा मी त्याला शिव्या घालणार आहे. आईला न सांगता गेला, बायकोला ताटकळत ठेवलं, पोरीच्या हळदीला बाहेर उभा राहिला आणि एवढा मोठा बाप्या असून लाजला. सगळं बोलणार, पोट भरेस्तोवर बोलणार. मग धवला पुढं नेईन. तोवर मांडवात कोणी मध्ये तोंड घालायचं नाय, आणि त्याच्या पानावरचा भात झाकून ठेवायचा, गार भात त्याला आवडत नाय.

तुझी आत्या,
गोदूबाई